धुळ्यात राहायला या! : १८१९ सालची एक योजना आणि तिचे आकडे

समजा, तुम्ही १८१९ सालचे एक व्यापारी आहात. बऱ्हाणपूर, सुरत, पुणे, कुठलेही. तुमच्या कानावर येतं की पांझरा नदीच्या काठी धुळे नावाचं एक लहानसं गाव आहे, आणि तिथं नवीन साहेब घर बांधायला जागा फुकट देतोय. भाडं नाही, आणि तेही कायमचं नाही. तुमच्या नातवालाही भरावं लागणार नाही. वर घर पक्कं बांधायचं असेल तर सरकार उचल देणार. जाल का?

आज आपण ज्याला ‘शिफ्ट होणं’ म्हणतो त्याचा खानदेशातला हा एक जुना आणि नीट नोंदलेला नमुना आहे. स्थलांतरावर, नगर-इतिहासावर, लोकसंख्येवर किंवा अगदी पाणीवाटपावर काम करण्याचा विचार असेल, तर या एका गावाच्या गोष्टीत शिकण्यासारखं बरंच आहे. मी स्वतः विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे इतिहास वाचताना हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. या लेखातही तेच करणार आहोत. आधी गोष्ट, मग आकडे, आणि मग आकड्यांच्या मागे कोण लपलंय ते.

आधीचं धुळे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत धुळ्याला फारसं महत्त्व नव्हतं. खरा मान होता लळिंगला. धुळ्याहून मालेगावकडे जाताना डोंगरावर जो किल्ला दिसतो तो लळिंग. धुळे त्याच्या हाताखालचं गाव. १७९५ च्या सुमारास हा मुलूख निजामाकडून मराठ्यांकडे आला. आणि मग १८०३ उजाडलं. होळकरांच्या फौजांची लूट आणि त्याच वर्षाचा भयंकर दुष्काळ, दोन्ही एकदम. धुळे पूर्ण ओस पडलं.

पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, बाळाजी बळवंत नावाच्या माणसानं गाव पुन्हा वसवलं. हा विंचूरकरांचा आश्रित. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. गाव वसवल्याबद्दल बाळाजी बळवंताला इनाम जमीन आणि इतर हक्क मिळाले, पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारच त्याच्याकडे आला आणि त्यानं आपलं ठाणं धुळ्यात केलं. १८१८ मध्ये इंग्रज येईपर्यंत तोच तिथला कारभारी होता.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ‘ओस गाव वसवणं’ हे त्या काळात एक कामच होतं, आणि त्याचा मोबदला ठरलेला असे. सारा वसूल व्हायचा तर जमीन कसणारा माणूस हवा, म्हणून माणूस आणून बसवणाऱ्याला इनाम. म्हणजे ब्रिग्जनं १८१९ मध्ये जे केलं ते आभाळातून पडलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी त्याच गावात तसाच प्रयोग झालेला होता. इंग्रजी साधनं वाचताना ‘साहेब आला आणि शहर झालं’ असं वाटायला लागतं, तेव्हा हे १८०४ साल आठवायचं.

कॅप्टन ब्रिग्जची योजना

पेशवाई बुडाल्यावर खानदेशची जबाबदारी कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आली. त्याच्या वरती होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ब्रिग्जला नव्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण निवडायचं होतं, आणि त्यानं धुळे निवडलं. जिल्ह्याच्या साधारण मध्यावर, आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर.

जानेवारी १८१९ मध्ये त्यानं कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली. कारागीर लांबलांबून आणावे लागले. एकूण खर्च २,७०० पौंड. गॅझेटियर दहा रुपयांना एक पौंड असा हिशेब धरतं, म्हणजे साधारण २७,००० रुपये. यासोबत व्यापाऱ्यांना आणि इतरांना बोलावणं : घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा, आणि जुने रहिवासी असोत की परके, दोघांनाही पक्कं घर बांधायला उचल.

ब्रिग्जनं तेव्हाच्या धुळ्याचं वर्णन केलंय : लहान गाव, भोवती बागायत, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये दाटून बसलेलं. वस्ती २,५०९ माणसं, घरं ४०१.

हा ब्रिग्ज म्हणजे तोच, ज्यानं पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं, जे १८२९ मध्ये छापलं गेलं. म्हणजे धुळ्याची पहिली मोजणी ज्याच्या कागदांतून आपल्यापर्यंत येते तो नुसता अधिकारी नव्हता, इतिहास लिहिण्या-वाचण्याची सवय असलेला माणूस होता. आपण काय लिहितोय ते पुढे वाचलं जाणार, याची जाण त्याला असणारच. साधन वाचताना लिहिणारा कोण हे असं बघायचं असतं.

आता आकडे

आपल्याकडे चार नोंदी आहेत :

१८१९ : २,५०९ माणसं, ४०१ घरं
१८६३ : १०,००० माणसं
१८७२ : १२,४८९ माणसं, २,६२० घरं
१९०१ : २४,७२६ माणसं

सगळ्यात आधी वाढीचा वार्षिक दर काढा. चक्रवाढीचं सूत्र शाळेतलंच आहे. १८१९ ते १८६३ या ४४ वर्षांत दर येतो साधारण ३.२ टक्के. १८६३ ते १८७२ मध्ये २.५ टक्के. १८७२ ते १९०१ मध्ये २.४ टक्के.

आता खरा प्रश्न. यातली किती वाढ घरातल्या पाळण्यांची आणि किती बाहेरून आलेल्या बैलगाड्यांची? जन्ममृत्यूची नोंद आपल्याकडे नाही. मग काय करायचं? गृहीत धरून बघायचं. समजा धुळ्यात कुणीच आलं नसतं आणि कुणीच गेलं नसतं, फक्त जन्म-मृत्यूनं वस्ती वर्षाला १ टक्का वाढली असती. पटकी, देवी, ताप, दुष्काळ यांच्या त्या काळात १ टक्का म्हणजे उदार आकडा आहे. तर १८७२ मध्ये माणसं असती साधारण ४,२५०. प्रत्यक्षात आहेत १२,४८९. उरलेली आठ हजारांवर माणसं म्हणजे बाहेरून आलेले किंवा बाहेरून आलेल्यांची पोरंबाळं.

कुणी म्हणेल, १ टक्का तुम्ही मनानं धरला. बरोबर आहे, म्हणून गृहीतक हलवून बघायचं. १.५ टक्का धरा. तरी येतात साधारण ५,५००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. स्थलांतर शून्य मानायचं असेल तर नैसर्गिक वाढ सलग ५३ वर्षं ३.१ टक्के लागेल, जी त्या काळात शक्यच नव्हती. म्हणजे नेमका आकडा सांगता आला नाही तरी निष्कर्ष टिकतो : १८७२ चं धुळे हे मुख्यतः येऊन राहिलेल्यांचं गाव होतं. गृहीतक बदलूनही जो निष्कर्ष हलत नाही तोच प्रबंधात लिहायचा. व्हायवामध्ये हा प्रश्न हमखास येतो.

पण आकड्यांवर किती भरवसा?

तीन गोष्टी सांगतो.

पहिली, १०,००० हा आकडा बघा. शेवटी चार शून्यं. मोजलेला आकडा इतका गुळगुळीत क्वचितच येतो. हा अंदाज असणार. म्हणून १८६३ च्या आधीचा दर ३.२ आणि नंतरचा २.५, यावरून ‘वाढ मंदावली’ असं ठासून सांगू नका. १८६३ मध्ये माणसं ९,५०० असती तर दोन्ही दर जवळजवळ तीनवर येतात आणि मंदावण्याची गोष्टच संपते.

दुसरी, मोजणारे वेगळे, पद्धत वेगळी. १८१९ ची मोजणी नव्या अंमलदाराची, सारा डोळ्यांपुढे ठेवून केलेली. १८७२ ची ब्रिटिश हिंदुस्थानातली पहिली मोठी जनगणना. १९०१ ची तर छप्पनिया दुष्काळ नुकताच झालेला असताना झाली; अशा वेळी खेड्यांतली माणसं कामासाठी शहराकडे येतात, काही परत जातात. एकाच तक्त्यात हे आकडे शेजारी बसले म्हणून ते एका जातीचे होत नाहीत.

तिसरी, घरामागे माणसं. १८१९ मध्ये ६.३, १८७२ मध्ये ४.८. चटकन वाटतं की बाहेरून येणारी कुटुंबं लहान असतात, म्हणून सरासरी खाली आली. असेलही. पण १८१९ मध्ये एक वाडा म्हणजे एक घर मोजलं असेल आणि १८७२ मध्ये वाड्यातली प्रत्येक चूल वेगळी, तर? ‘घर’ या शब्दाची व्याख्या कळल्याशिवाय इथं निष्कर्ष काढायचा नाही. डेटा सेट हातात आला की आधी रकान्याच्या नावाचा अर्थ शोधायचा, हे आपल्याला प्रयोगशाळेत शिकवतात. ते इथंही तसंच लागू आहे.

माणसं का आली?

फुकट जागा हे एक कारण. पण नुसत्या फुकट जागेवर गाव वसत नाही. जागा तर ओस पडलेल्या शेकडो खेड्यांत होती.

ब्रिग्जच्या वर्णनातले ‘बागायत’ आणि ‘पाट’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर कित्येक शतकांपासून फड पद्धत आहे. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाटानं पाणी काढायचं, भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे मोठमोठे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ज्याची जमीन थोडी त्यालाही प्रत्येक फडात तुकडा. पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कुणाच्या मालकीचं नाही, पाळीनं सगळ्यांचं. गाव टिकण्याचा खरा आधार हा होता. ब्रिग्जनं जागा दिली, पण धुळ्याला पाणी त्याच्या किती तरी आधीपासून होतं.

पाण्याची ही गोष्ट पुढे एका मोठ्या माणसालाही इकडे घेऊन आली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये पुण्यातलं शिक्षण संपवून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि विशीतच त्यांची नेमणूक खानदेशात झाली. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती गावाजवळ पाटाचं पाणी पलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. साक्री तालुक्यातल्या या गावाचं नाव अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकलंय?

दुसरं कारण कचेरी. जिथं कलेक्टर तिथं कोर्ट, जिथं कोर्ट तिथं वकील, कारकून, कागदवाला, खानावळ. तिसरं, रस्ता.

कारणं वेगळी केली की तुलना करता येते. खानदेशातलीच आणखी दोन शहरं घ्या. भुसावळ उभं राहिलं रेल्वेवर. जीआयपी रेल्वेचा मार्ग इथून फुटून एक फाटा नागपूरला, दुसरा जबलपूरकडे गेला. १८६७ मध्ये नागपूर जोडलं गेलं, १८७० मध्ये जबलपूर. इंजिनांचा कारखाना आला आणि ठिकठिकाणची माणसं क्वार्टरमध्ये राहायला आली. जळगाव वाढलं कापसावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि १८६२ ते १८६५ मध्ये जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. युद्ध संपल्यावर भाव कोसळले तेव्हा त्याला धक्काही तेवढाच बसला. धुळ्याला मात्र रेल्वेनं वळसा घातला. चाळीसगावहून फाटा यायला १९०० साल उजाडलं. तरीही १८७२ ते १९०१ मध्ये धुळ्याची वस्ती जवळपास दुप्पट झाली. ‘रेल्वे आली आणि शहरं वाढली’ हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल तर धुळे हे त्याला अपवाद म्हणून तपासायला घ्या. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचं मुख्य ठिकाण जळगाव आणि पश्चिमेचं धुळे, म्हणजे दोन वेगळ्या इंजिनांनी ओढलेली दोन गावं.

‘ओस’ म्हणजे कुणाशिवाय?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. साधनं म्हणतात १८०३ मध्ये धुळे ओस पडलं, खानदेश उजाड झाला. पण उजाड प्रदेशातही माणसं होती. सातपुड्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, नदीकाठच्या रानात भिल्ल होते. ते सारा भरत नव्हते, घरपट्टीच्या यादीत नव्हते, म्हणून हिशेबाच्या भाषेत मुलूख रिकामा.

त्यांच्यासाठीही इंग्रजांनी वसवण्याची योजना केली. १८२५ पासून भिल्ल एजन्सी सुरू झाल्या. धरणगावला जेम्स आउट्रमनं भिल्लांची पलटण उभी केली, कन्नडच्या बाजूला त्यांना जमीन, बी-बियाणं, बैल देऊन शेतीला लावण्याचं काम झालं. कागदावर बघितलं तर दोन्ही योजना सारख्याच : जागा आणि उचल. फरक कुठं आहे? व्यापाऱ्याला धुळ्यात यायचं नसेल तर तो सुरतेत राहू शकत होता. भिल्लासमोर पर्याय होते नांगर, पलटणीची नोकरी किंवा फौजेची मोहीम. स्थलांतराचा अभ्यास करताना ‘कुठून कुठे’ आणि ‘किती’ यांच्या जोडीला ‘नाही म्हणता येत होतं का’ हा रकाना ठेवा. तो भरायला सगळ्यात अवघड असतो, आणि बहुतेक प्रबंधांत तो नसतोच.

आणखी एक बारीक शब्द. उचल ‘जुने रहिवासी आणि परके’ दोघांना दिली. म्हणजे १८१९ मध्ये घर बांधणाऱ्यांत १८०३ ला पळून गेलेले आणि परत आलेलेही असणार. परत येणाऱ्याला स्थलांतरित म्हणायचं की नाही? वरच्या आकडेमोडीत आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घातलंय. तुमच्या अभ्यासात ते वेगळं करावं लागेल.

लहान गावात संशोधन होतं का?

हा प्रश्न मला विद्यार्थी वेगळ्या शब्दांत विचारतात : पुण्या-मुंबईत प्रवेश मिळाला नाही, जळगावच्या विद्यापीठात किंवा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजमध्ये पीएचडी केली तर मागे पडू का?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. आयुष्याच्या अखेरीस मात्र ते धुळ्यात होते, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले. त्यानंतर धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं, त्यांचं दप्तर जपलं, ‘संशोधक’ नावाचं नियतकालिक चालवलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं जमवली, ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या आश्रयानं तत्त्वज्ञान मंदिर निघालं. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी १९२३ मध्ये तिथं शिकायला आले आणि १९३० पर्यंत गावातल्या हायस्कुलात शिक्षक म्हणून राहिले. कलकत्त्याचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ याच संस्थेचे संचालक होते. कलकत्त्याहून अमळनेर! म्हणजे अंतर आणि गावाचा आकार हे दोन्ही तेव्हा आड आले नाहीत.

पण यावरून ‘लहान गावातही सगळं होतं’ असा गोड निष्कर्ष काढू नका. या तिन्ही ठिकाणी काय होतं ते बघा : कुणी तरी पैसा घातला, कुणी तरी कागद जपले, आणि बोलायला चार माणसं होती. तुम्ही ठिकाण निवडताना शहराचं नाव बाजूला ठेवून हेच तीन प्रश्न विचारा. फेलोशिप वेळेवर मिळते का, लागणारी साधनं किंवा उपकरणं हाताशी आहेत का, आणि गाइडशिवाय आणखी कुणाशी आपल्या विषयावर बोलता येईल का. दोन ‘हो’ आले तरी विचार करण्यासारखं ठिकाण आहे.

सुरुवात करायची तर

या विषयावर काही करावंसं वाटलं तर तीन छोटी कामं सुचवतो. एक, १८८० मध्ये निघालेला मुंबई गॅझेटियरचा खानदेश खंड घ्या आणि फक्त शहरांच्या नोंदींतून लोकसंख्या व घरांचे आकडे एका एक्सेल शीटमध्ये भरा. प्रत्येक आकड्यापुढे ‘कुणी मोजलं’ हा रकाना ठेवा. दोन, आजच्या धुळ्याचा नकाशा काढा. जुन्या धुळ्यातल्या वेड्यावाकड्या बोळांशेजारी सरळ, समांतर आणि नुसत्या नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या दिसतील. आखून बसवलेलं गाव आणि आपोआप वाढलेलं गाव यांच्यातली रेघ कुठून जाते ते बघा. तीन, खानदेशात घर असेल तर आजी-आजोबांना विचारा : आपण इथं कुठून आलो? लेवा पाटीदार, गुजर, परदेशी, मारवाडी, कितीतरी समाजांच्या परंपरेत बाहेरून आल्याची आठवण आहे, आणि अहिराणीत गुजरातीचा ठसा तर बोलता बोलता जाणवतो. उत्तर आलं की लगेच खरं-खोटं ठरवू नका. आधी लिहून घ्या, तारीख टाका, सांगणाऱ्याचं वय टाका.

बिनभाड्याच्या जागांची ती यादी, म्हणजे १८१९ नंतर कुठला भूखंड कुणाला मिळाला, ती नावानिशी हाती लागली तर या लेखातली अर्धी गृहीतकं गळून पडतील आणि त्यांच्या जागी खरी माणसं येतील. जुने सिटी सर्व्हेचे उतारे, सनदा, घराण्यांची दप्तरं, कोर्टातले दावे, कुठं तरी तिचे तुकडे असायला हवेत. तुमच्यापैकी कुणाला धुळ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या कागदपत्रांत हात घालायची संधी मिळत असेल, तर पहिल्यांदा हीच सनद शोधा.